चाळ नंबर, खोली नंबर, रेफरन्स नंबर

रात्री साडेअकराला दार वाजलं तर बीडीडी चाळीत कुणी दचकत नाही. साखर हवी असते, चार्जर हवा असतो, नाहीतर कुणाच्या तरी आजीची रात्रीची गोळी कोणती, ते वाचून दाखवायचं असतं. त्या रात्री दारात आमच्याच मजल्यावरची मुलगी उभी होती. काखेत लॅपटॉप, डोळ्यांत झोप. मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा.

"ताई, जागी आहेस ना? जर्नलने पेपर परत पाठवलाय."

"रिजेक्ट?"

"नाही गं. म्हणतात, रेफरन्सेस आमच्या स्टाइलमध्ये नाहीत, दुरुस्त करून सात दिवसांत पाठवा. त्यातले पाच गेले. तेवीसच आहेत, आज रात्रीत होतील ना?"

झाले नाहीत. दोन रात्री लागल्या. त्यातलं स्वल्पविराम-अर्धविरामाचं काम जेमतेम दोन-तीन तासांचं होतं. बाकीचा वेळ कशात गेला, तेच तुम्हाला सांगायचंय. कारण आज ना उद्या तुमच्यावरही ही वेळ येणार आहे. मेडिकल असो, फिजिओ, नर्सिंग, फार्मसी किंवा लाइफ सायन्सेस, प्रोजेक्ट बरा झाला की गाइड म्हणतात, "चला, पब्लिश करू या." मग तुम्ही इंट्रो लिहिता, टेबलं करता, ग्राफला रंग देता. आणि रेफरन्सेस? ते शेवटच्या रात्री, जमेल तिथून उचलून, कॉपी-पेस्ट. प्रॅक्टिकलच्या जर्नलला ब्राऊन कव्हर घालावं तसं.

माझं पोट याच कामावर चालतं. मेडिकल जर्नल्सकडे येणाऱ्या मॅन्युस्क्रिप्ट्सचं कॉपी-एडिटिंग मी करते. त्यामुळे अनुभवाने सांगते, पेपर कसा लिहिलाय हे कळायला मी आधी शेवटचं पान उघडते.

पोस्टमनला विचारा

वरळीच्या बीडीडीत मूळ १२१ चाळी. १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, म्हणून बीडीडी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ८०, खोली १६० चौरस फुटांची. बाहेरून सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या. नवखा माणूस इथे हमखास चुकतो. 'जांबोरी मैदानाजवळ, मोठ्या झाडाच्या मागे' असा पत्ता सांगितलात तर पाहुणा रात्रभर फिरेल. पोस्टमनला मात्र झाड-बीड लागत नाही. चाळ नंबर, खोली नंबर, बस्स.

रेफरन्स म्हणजे एवढंच. जगभरच्या लायब्ररीत सारख्या दिसणाऱ्या लाखो पेपरांपैकी नेमक्या एकाच्या दारात माणसाला नेऊन उभं करणारा पत्ता. हे एकदा डोक्यात बसलं की त्या खुणा अंगावर येत नाहीत. उदाहरणार्थ हा पत्ता बघा: लॅन्सेट. १९५२;१(६७१४):९०३-४. आधी जर्नलचं नाव, मग साल, अर्धविरामानंतर खंड, कंसात अंक, विसर्गचिन्हानंतर पान. मध्ये स्पेस नाही. ९०३-९०४ न लिहिता ९०३-४, कारण शेवटचा आकडाच तेवढा बदलतो. कोणत्या खुणेनंतर काय येणार हे ठरलेलं असल्यामुळे 'खंड', 'अंक', 'पान' हे शब्द लिहावेच लागत नाहीत. तुम्ही अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम टाकलात तर माणूस एकवेळ समजून घेईल. रेफरन्स लिस्ट वाचून लिंका जोडणारं सॉफ्टवेअर मात्र गोंधळू शकतं.

ही पद्धत 'व्हँकूव्हर' नावाने ओळखली जाते. १९७८ साली काही मोजक्या मेडिकल जर्नल्सचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हरला भेटले. तोवर जो तो आपापल्या पद्धतीने संदर्भ मागायचा. एका जर्नलने पेपर नाकारला की दुसऱ्यासाठी सगळी यादी नव्याने टाइप करा, तेही टाइपरायटरवर. संपादकांनी एक सामाईक पद्धत ठरवली, पुढच्या वर्षी ती छापली आणि त्या गटाची पुढे आंतरराष्ट्रीय समिती झाली. तिचं नाव आयसीएमजेई. तुम्ही ज्या जर्नलला पेपर पाठवाल त्याच्या सूचनांमध्ये ही अक्षरं बहुधा दिसतीलच.

तरीही प्रत्येक जर्नलची थोडी थोडी वेगळी खोड असतेच. कुठे नंबर चौकटी कंसात, कुठे वर चढवून. कुठे पूर्णविरामाच्या आधी, कुठे नंतर. त्यामुळे पहिला आणि कंटाळवाणा सल्ला: जर्नलच्या सूचना वाचा आणि त्याच जर्नलचा गेल्या काही महिन्यांतला एक पेपर शेजारी उघडून ठेवा. सूचना न कळल्या तरी छापलेलं पान बघून कळतं.

तीन नंबरच्या दारात भलताच माणूस

आता तिच्या पेपरकडे. केस रिपोर्ट होती. ऑपरेशनआधी एका बाईंचा रक्तगट तपासला, 'ओ' आला. पण ओ ग्रुपची एकही पिशवी क्रॉसमॅचमध्ये जुळेना. शेवटी निघाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

थोडक्यात सांगते. आपल्या तांबड्या पेशींवर 'एच' नावाचा एक पाया असतो. त्यावर ए किंवा बीची भर पडली की तो तो ग्रुप. काहीच भर नसेल तर ओ. बॉम्बे ग्रुपच्या माणसात हा पायाच नसतो. साध्या तपासणीत ए नाही, बी नाही, म्हणून तो 'ओ' दिसतो. पण त्याच्या रक्तात एचविरुद्धच्या अँटिबॉडी असतात. त्यामुळे त्याला ओ ग्रुपचं रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त चालतं.

आणि या ग्रुपचं गाव कुठलं? नावातच आलं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परळच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज-केईएममध्ये तो पहिल्यांदा ओळखला. वरळीच्या चाळींपासून फार लांब नाही. वर जो पत्ता दिला तो त्याच पेपरचा.

मी तिची फाइल उघडली आणि कॉमे दुरुस्त करत सुटले. तिसऱ्या रेफरन्सपाशी थबकले. तो होता भेंडेंचा, १९५२चा. आणि मजकुरात वाक्य होतं, 'या रक्तगटाच्या मुळाशी एफयूटी१ जनुकातले बदल असतात', शेवटी नंबर तीन.

"अगं, डीएनएची रचनाच १९५३ मध्ये कळली. एफयूटी१ वेगळं करून वाचलं गेलं १९९०मध्ये. १९५२च्या दोन पानांत हे कुठून येईल?"

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तीन नाही, ते चार पाहिजे."

झालं होतं ते असं. नंबर तिने हाताने टाइप केले होते. शेवटी शेवटी गाइडनी इंट्रोमध्ये एक परिच्छेद घातला, त्यात नवा संदर्भ, क्रमांक दोन. तिने खालची यादी एकेकाने पुढे सरकवली. मजकुरातले नंबर सरकवायचे राहिले. म्हणजे दोननंतरचा प्रत्येक नंबर एक घर अलीकडच्या दारात जाऊन उभा. 'अशा रुग्णाला फक्त बॉम्बे ग्रुपचंच रक्त द्यावं' या वाक्यावर सात होतं. सातव्या पेपरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तुम्ही म्हणाल, वाक्य तर बरोबर होतं ना? होतं. पण विचार करा, जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत रात्रपाळीला असलेला एखादा डॉक्टर हा पेपर वाचतोय. त्याच्यापुढेही असाच 'ओ' आलाय आणि जुळत नाहीये. तो त्या वाक्यावर थांबतो, सात नंबर उघडतो, तिथे भलतंच काहीतरी. त्याने आता कशावर विश्वास ठेवायचा? जर्नलला दिसली ती स्टाइलची चूक. ही चूक त्यांनी पकडली नव्हती.

ती जरा वेळ गप्प होती. पॅसेजच्या टोकाला कुणीतरी नळ सोडून गेलं होतं, तो बंद करून आली आणि म्हणाली, "आता सगळे एकेक करून बघायला लागतील ना?"

लागणार होतेच. तेवीसही.

सातवं नाव

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या लायब्ररीत गेली. मी एकच अट घातली होती: ज्या पेपरचा नंबर देतेयस तो निदान एकदा डोळ्यांखालून घाल. खरं सांगायचं तर भेंडेंचा पेपर तिने पाहिलाच नव्हता. तिच्या आधीच्या कुणाच्या तरी यादीतून तो उचलला होता. त्या 'कुणाच्या तरी'नेही कदाचित तसाच उचलला असेल. असं करत करत चुकीचं पान, चुकीचं स्पेलिंग पिढ्यान्‌पिढ्या चालतं. चाळीतल्या एखाद्या माणसाचं टोपणनाव पडावं आणि खरं नाव बारशाच्या पत्रिकेतच राहावं, तसं.

जुन्या बांधीव खंडातलं ते पान तिने फोनवर फोटो काढून आणलं. फक्त दोन पानं. आणि लेखक सात. परळचे तिघे, भेंडे, देशपांडे आणि भाटिया. मग लंडनचे चौघे, सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स.

आता व्हँकूव्हरचा नियम बघा. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले सहा लिहा, मग 'एट अल', म्हणजे 'आणि इतर'. देवनागरीत लिहायचं तर असं दिसेल: भेंडे वायएम, देशपांडे सीके, भाटिया एचएम, सँगर आर, रेस आरआर, मॉर्गन डब्ल्यूटी, एट अल. आडनाव आधी, आद्याक्षरांमध्ये टिंब नाही, स्पेस नाही. आणि या 'एट अल'मध्ये कोण गेलं? एकटी विनिफ्रेड वॉटकिन्स. रक्तगटांच्या रसायनशास्त्रावर आयुष्य घालवलेली बाई, पुढे रॉयल सोसायटीची फेलो झाली. सात लेखकांत सातवी, म्हणून यादीबाहेर.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनची पद्धत आणखी कडक. सहापेक्षा जास्त असतील तर पहिले तीनच. तिथे भेंडे, देशपांडे, भाटिया एवढेच उरतात. परळ राहतं, अख्खं लंडन 'इतर' होतं. (हे वाचून मला थोडा आनंद झाला होता, कबूल करते.)

यात नियमाची कुणाशी दुश्मनी नाही, छापील जागा वाचवायची होती. पण माझं मत विचाराल तर जिथे जर्नल सगळी नावं चालवतं तिथे सगळी द्या. आजकाल पेपर स्क्रीनवरच वाचतात, एका नावाने काय बिघडतं? जिथे चालवत नाही तिथे मात्र नियम पाळा, मनाने सातवं नाव घुसवू नका. स्वतःच्या नावाचंही आत्ताच बघून ठेवा. कॉलेजच्या मस्टरवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. जर्नलच्या फॉर्मवर उलटं. घाईत भरलात तर डेटाबेसमध्ये वडिलांचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं. एकच स्पेलिंग ठरवा, तेच सगळीकडे. आणि 'पाटील एस' जगात किती असतील याची कल्पना असेल तर ऑर्किड आयडी काढून टाका. फुकट आहे, पाच मिनिटं लागतात.

लायब्ररीतून आल्यावर तिचा पुढचा प्रश्न: "ताई, पबमेडवर या पेपरचा खंड १ दिलाय, सायन्सडायरेक्टवर २५९. खरा कोणता?"

दोन्ही. लॅन्सेटचे त्या काळी वर्षाला दोन खंड निघायचे, सहामाहीला एक, आणि दर वर्षी पुन्हा १ आणि २ असेच नंबर. नंतर पहिल्यापासूनचे सलग नंबर लावले गेले, त्यात हा २५९वा आला. अंक ६७१४, पान ९०३, दोन्हीकडे सारखं. कोणताही एक घ्या, पण एका यादीत एकच पद्धत ठेवा. आम्ही १ ठेवला. डिलाईल रोड म्हणा नाहीतर ना. म. जोशी मार्ग, टॅक्सीवाला पोचवतो. फक्त एका पाकिटावर दोन्ही लिहून त्याचा गोंधळ उडवू नका.

यावरून दुसरी गंमत. नावं बदललेल्या जर्नल्सचं काय करायचं? डॉ. रुस्तम जाल वकील, हेही केईएमचेच. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवणारा त्यांचा पेपर १९४९चा, ब्रिटिश हार्ट जर्नल, खंड ११, पान ३५० ते ३५५. आपल्या आयुर्वेदातली मुळी त्या पेपरमुळे जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या टेबलावर गेली. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. आज त्या जर्नलचं नाव नुसतं 'हार्ट'. तरी यादीत लिहायचं 'बीआर हार्ट जे'च. पेपर छापला त्या दिवशी दारावर जी पाटी होती ती. तसंच शीर्षकात 'बॉम्बे' असेल तर देशाभिमानाने त्याचं 'मुंबई' करू नका. मी केलेलं पाहिलंय.

जर्नलच्या नावाची आखुडलेली रूपंही मनाने करायची नसतात. जी. एस.-केईएमच्या स्टाफ सोसायटीचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून निघतंय. त्याचं ठरलेलं रूप 'जे पोस्टग्रॅड मेड'. लॅन्सेट एकाच शब्दाचं, म्हणून तसंच राहतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये नाव टाकलं की हे रूप मिळतं, अंदाज करायची गरजच नाही.

चाळ पाडली, पत्ता गेला

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पुनर्विकासाच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६०चे ५०० चौरस फूट. पण आधार कार्डावर, बँकेत, एलआयसीच्या कागदांवर सगळीकडे जुनी चाळ. जी चाळ आता जागेवरच नाही, तिच्या नावाने पत्रं येतात.

वेबसाइटच्या लिंकचं हेच होतं. तुम्ही सरकारी खात्याच्या पीडीएफची लिंक देता, सहा महिन्यांत साइट नवी होते, लिंक मेलेली. म्हणून लिंक देताना ती कोणत्या तारखेला पाहिली ते लिहायची पद्धत आहे. जर्नलच्या पेपरांसाठी याहून चांगली सोय आहे, डीओआय. दहा आणि टिंबाने सुरू होणारा तो लांबलचक नंबर. प्रकाशक बदलला, वेबसाइट बदलली तरी नंबर तोच राहतो, आणि आतल्या नोंदीत नवा ठिकाणा भरत राहणं हे प्रकाशकाचं काम. चाळीतून टॉवरमध्ये गेलात तरी पोस्टमनने बिनबोभाट नव्या मजल्यावर पत्र आणून द्यावं, तसं. जर्नल मागत नसेल तरी तुमच्या स्वतःच्या फाइलमध्ये डीओआय ठेवा. तो पेस्ट करून एंटर मारलं की कळतं दार उघडतंय की नाही.

सॉफ्टवेअरबद्दल फार लिहीत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. झोटेरो फुकट आहे, चाळीतल्या वायफायवरही चालतं. वर्डमध्ये त्याने नंबर टाकले की मध्ये परिच्छेद आला तरी पुढचे नंबर आपोआप सरकतात. आमच्या दोन रात्रींपैकी एक तिथेच वाचली असती. फक्त त्याच्यावर डोळे झाकून विसंबू नका. पबमेडवरच्या जुन्या नोंदींत लेखकांची नावं बऱ्याचदा सगळी कॅपिटलमध्ये असतात; झोटेरो ती तशीच उचलतं आणि तुमच्या यादीत भेंडे एकटेच ओरडत असल्यासारखे दिसतात. शीर्षकातलं प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं असेल तेही हाताने उतरवावं लागतं. आणि एकदा नंबर दिला की शेवटपर्यंत तोच. भेंडे पाचव्या पानावर पुन्हा आले म्हणून नवा नंबर नाही. जो संदर्भ फक्त टेबलमध्ये आहे, त्याचा नंबर मजकुरात ते टेबल पहिल्यांदा जिथे आलं त्या क्रमाने.

नसलेल्या घराचा पत्ता

'एवढं काय त्यात' असं अजूनही वाटत असेल तर दोन गोष्टी सांगते.

१९८० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलात भरती असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गातली वेदनाशामकं दिली, व्यसन लागल्याची नोंद चौघांत सापडली, एवढंच त्यात होतं. त्याचा दाखला देत लोक लिहीत सुटले की या गोळ्यांचं व्यसन क्वचितच लागतं. 'हॉस्पिटलात भरती असलेल्या' हे शब्द वाटेत गळाले. २०१७ मध्ये त्याच जर्नलमध्ये कुणीतरी बसून मोजलं: ६०८ वेळा हे पत्र उद्धृत झालं, त्यातल्या ७२ टक्क्यांहून जास्त लेखकांनी ते 'व्यसन लागत नाही' याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि दहातल्या आठांनी रुग्ण भरती होते हे सांगितलंच नाही. मधल्या काळात अमेरिकेत या गोळ्यांनी काय झालं ते तुम्ही वेबसीरिजमध्ये पाहिलंय. ते काही एकट्या पत्रामुळे झालं नाही, औषध कंपन्यांचा हात मोठा होता. पण त्या ६०८ जणांपैकी किती जणांनी ती पाच वाक्यं स्वतः वाचली असतील?

दुसरी गोष्ट हसण्यासारखी. एका मोठ्या प्रकाशकाने लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक रेफरन्स दिला होता. लेखक व्हान डेर गीर, शीर्षक 'वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला', जर्नलचं नावही रचलेलं. असा पेपर नाही, असं जर्नल नाही. तरी तो जवळपास ४०० वेळा उद्धृत झाल्याचं २०१७ मध्ये उघडकीला आलं. लोकांनी सूचनांचा साचा वापरला आणि नमुना खोडायचा राहिला. साचा वापरून झाल्यावर स्वतःची यादी एकदा वाचायलाही कुणाला वेळ नव्हता.

आणि आता एआय. 'बॉम्बे ब्लड ग्रुपवर दहा रेफरन्सेस व्हँकूव्हर स्टाइलमध्ये दे' म्हणालात तर दहाच्या दहा मिळतील, अर्धविराम जागच्या जागी. लेखक खरे वाटतील, जर्नल खरं असेल, पान मात्र उघडलंत तर तिथे दुसराच लेख. पत्ता सुबक, खोली अस्तित्वातच नाही. माझ्याकडे येणाऱ्या मॅन्युस्क्रिप्ट्समध्ये असले रेफरन्सेस आता सर्रास दिसतात आणि ओळखायची खूण विचित्र आहे: ते फॉरमॅटिंगमध्ये कधीच चुकत नाहीत. माणसाची यादी कुठेतरी अडखळते. म्हणून शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून शोधा, डीओआय उघडून बघा, आणि तो पेपर मागे घेतलेला नाही ना, तेही बघा. आयसीएमजेईच्या नियमांत ही जबाबदारी लेखकाची आहे. 'गाइडनी दिला होता' किंवा 'चॅटबॉटने दिला' असं तिथे लिहायला रकाना नाही.

दुसऱ्या रात्री तेवीसचे एकवीस झाले. एक पेपर आम्हाला कुठेच सापडला नाही. दुसरा सापडला, पण त्यात तिच्या वाक्याच्या बरोबर उलटं लिहिलं होतं. तो काढताना तिला वाईट वाटलं, कारण वाक्य फार छान जमलं होतं. वाक्यही काढावं लागलं. पहाटे पावणेदोनला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून तिने सबमिट केलं. आमच्या मजल्यावर नेट तिथेच बरं पकडतं.

आठवड्याने जर्नलची मेल आली. 'रेफरन्स १७ : पान क्रमांक द्यावा.' त्या पेपरला पानंच नव्हती, ऑनलाइन जर्नल, नुसता 'ई' लागलेला लेख-नंबर. तसं तिने दोन ओळींत कळवलं, त्याच पायरीवर बसून, बुटाची नाडी बांधता बांधता, आणि पोस्टिंगला पळाली.